कर्नलसाहेबांची इस्टेट

आपल्याकडच्या भुतांना पैशाचं फारसं कळत नाही. मुंजा पिंपळावर बसून राहतो. हडळ रात्री-अपरात्री जाणाऱ्याला हटकते. चकवा माणसाला रात्रभर एकाच बांधाभोवती फिरवतो आणि पहाटे सोडून देतो. एवढ्या उद्योगातून कुणा भुताला चार आण्यांची प्राप्ती झाल्याचं ऐकिवात नाही. त्यातल्या त्यात व्यवहार कळतो तो समंधाला. तो पुरलेल्या धनावर बसतो. पण तोही नुसताच बसतो. खर्च करत नाही, व्याजानं लावत नाही, मोडून दोन गुंठे घेत नाही. एकूण आपली भुतं म्हणजे हौशी मंडळी. वर्षानुवर्षं प्रयोग चालू आणि तिकीट नाही.

'स्कूबी-डू'मधली अमेरिकन भुतं मात्र पक्की धंदेवाईक. 'स्कूबी-डू, व्हेअर आर यू!' ही मालिका १३ सप्टेंबर १९६९ला अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर सुरू झाली. दोन हंगामांत मिळून तिचे २५ भाग झाले आणि त्यांतली बहुतेक भुतं पोटापाण्याच्या मागे लागलेली होती. पहिल्याच भागात पौर्णिमेला चालू लागणारं काळं चिलखत आहे. त्याच्या आडून संग्रहालयातली अस्सल चित्रं पळवून जागी नकला टांगण्याचं काम शिस्तीत चाललेलं असतं. दुसऱ्या भागात समुद्रातून चमकत वर येणारा पाणबुड्या आहे. त्याला दुसऱ्यांच्या नौका हव्यात. पुढं एका जुन्या खाणीत कामगाराचं भूत लोकांना हाकलत फिरतं, कारण जमिनीखाली तेल लागलंय. झपाटलेली जागा दिसली की आपण राम राम म्हणत रस्ता बदलतो. या मालिकेवर वाढलेलं पोर विचारतं, "जागेचा भाव काय चाललाय?"

आपल्याकडं ही मंडळी आली ती केबलच्या वायरीतून. १९९५मध्ये कार्टून नेटवर्क भारतात सुरू झालं आणि पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत पोरं शाळेतून आली की दप्तर फेकून टीव्हीसमोर बसू लागली. इंग्रजी निम्मं कळायचं, निम्मं कळायचं नाही. पण अडायचं नाही. भूत दिसलं की पळायचं, खायला दिसलं की थांबायचं, शेवटी मुखवटा ओढायचा. हे कळायला व्याकरण लागत नाही. घरातल्या आज्जी एक डोळा जपाच्या माळेवर आणि एक पडद्यावर ठेवून विचारायच्या, "सापडला का रे मेला?"

भाग कुठलाही घ्या, सांगाडा ठरलेला. फ्रेड, डॅफ्नी, वेल्मा आणि शॅगी ही चार तरुण पोरं, स्कूबी नावाचा ग्रेट डेन कुत्रा आणि 'मिस्टरी मशीन' असं नाव रंगवलेली व्हॅन. या पोरांना कॉलेज, परीक्षा, आईवडील, पेट्रोलचा खर्च यांपैकी काही असल्याचं कळत नाही. ती रात्री हिंडतात आणि जिथं जातात तिथं नेमकं भूत निघतं. आधी पळापळ, मग थोडा तपास, मग पुन्हा पळापळ, मग सापळा. सापळ्यात भूत अडकतं, मुखवटा निघतो आणि खालून पहिल्या पाच मिनिटांत भेटलेला एखादा सज्जन गृहस्थ बाहेर येतो. तोही जाताजाता कुरकुरतो, की ही आगाऊ कार्टी मध्ये कडमडली नसती तर सगळं पार पडलं असतं. त्या कुरकुरीत पश्चात्ताप शोधूनही सापडत नाही. बदलीचं काम होता होता राहिलेल्या माणसाचा स्वर असतो तो.

भुतं खोटीच निघावीत, याला एक कारण होतं. १९६८च्या सुमाराला अमेरिकेत शनिवारी सकाळी लागणारी कार्टून्स मारामारीनं भरलेली होती. पालकांच्या संघटना चिडल्या आणि वाहिन्यांना सौम्य काहीतरी शोधावं लागलं. सीबीएसच्या फ्रेड सिल्व्हरमन यांनी हॅना-बार्बेरा कंपनीला रहस्य आणि विनोद यांचं मिश्रण मागितलं. जो रूबी आणि केन स्पिअर्स या लेखकांनी ते तयार केलं. तयारी झाली, चित्रं रंगली आणि वाहिनीच्या वरच्या साहेबांनी ती पाहून सांगितलं, की हे मुलांना फार भीतिदायक होईल. म्हणजे या मालिकेतल्या भुतांना सगळ्यांत आधी घाबरले ते साहेब. शॅगीचा नंबर नंतर लागला.

मग भीती कमी करायची म्हणून कुत्र्याला बढती मिळाली. तोवर तो मागच्या रांगेत होता. आता नायक झाला. सिल्व्हरमन यांनी विमानात फ्रँक सिनात्राचं गाणं ऐकलं, त्याच्या शेवटच्या गुणगुणण्यातून त्यांना कुत्र्याचं नाव सुचलं आणि मालिकेलाही तेच नाव लागलं. बढत्यांचा असा इतिहास बऱ्याच कचेऱ्यांत सापडतो. कर्तबगार माणसाला पाहून साहेबांना धडकी भरते आणि खुर्ची मिळते ती ज्याला पाहून कुणालाच भीती वाटत नाही त्याला.

कुत्र्याचं चित्र काढलं इवाओ ताकामोतो यांनी. त्यांच्या कंपनीत ग्रेट डेन पाळून त्यांची पैदास करणाऱ्या एक बाई होत्या. ताकामोतो त्यांच्याकडं गेले आणि उत्तम ग्रेट डेन कसा ओळखावा ते विचारून घेतलं. बाईंनी मनापासून सांगितलं: पाठ सरळ हवी, पाय सरळ हवेत, हनुवटी घट्ट हवी. ताकामोतोंनी सगळं नीट ऐकलं आणि टेबलाशी येऊन बरोबर उलटं काढलं. पाठ उतरती, पाय फेंगडे, हनुवटी दुहेरी. तज्ज्ञांचा सल्ला इतक्या काटेकोरपणे वापरल्याची उदाहरणं थोडी.

या सगळ्यांत माझा लाडका भाग आहे १० जानेवारी १९७०चा, 'अ नाइट ऑफ फ्राइट इज नो डिलाइट'. त्यात बेट आहे, बेटावर ओसाड वाडा आहे, मृत्युपत्र आहे, वकील आहेत आणि हिस्सा मागायला जमलेले नातलग आहेत. खरं तर भुताची गरजच नव्हती.

गोष्ट अशी. कर्नल बोरगार्ड सँडर्स नावाचे दक्षिणेकडचे लक्षाधीश वारतात. हे गृहस्थ एकदा माशांच्या तळ्यात बुडत असताना स्कूबीनं त्यांना बाहेर काढलेलं असतं. माशांच्या तळ्यात लक्षाधीश कितपत बुडू शकतो, हा प्रश्न आपण तूर्त बाजूला ठेवू. कर्नलसाहेब उपकार विसरले नाहीत. त्यांनी १० लाख डॉलरच्या वारसांत चार नातलगांच्या बरोबरीनं कुत्र्याचं नाव घातलं. अट एकच. वारसांनी वाड्यात एक रात्र काढायची. जो राहिला त्याला हिस्सा, जो पळाला त्याचा हिस्सा गेला.

आता त्या चार नातलगांच्या मनात काय चाललं असेल, हे समजायला अमेरिकेला जायला नको. म्हाताऱ्याच्या हयातीत प्रत्येकानं सणावाराला पत्रं पाठवली असणार, तब्येतीची चौकशी केली असणार, त्याच्या युद्धातल्या त्याच त्या गोष्टी नव्यानं ऐकल्यासारख्या ऐकल्या असणार. आणि मृत्युपत्र वाचायला बसावं तर शेजारच्या खुर्चीत गळपट्टा घातलेला एक वारस जीभ बाहेर काढून बसलाय. चुलतभावानं हिस्सा मागितला तर त्याच्याशी भांडता येतं, निदान त्याच्या बायकोला नावं ठेवता येतात. कुत्र्याशी कशावरून भांडायचं? त्यानं केलेली सेवाही अशी, की नाकारता येत नाही. नातलगांनी कर्नलच्या तब्येतीची चौकशी केली होती. कुत्र्यानं ती तब्येत दातात धरून काठावर आणली होती.

रात्र चढते. भिंतीवर सावल्या हलतात, हसण्याचे आवाज येतात, हिरवी भुतं दिसू लागतात आणि नातलग एकामागून एक नाहीसे होतात. उरतो कुत्रा आणि त्याची मित्रमंडळी. शेवटी सापळा लागतो. त्यात कपडे धुण्याचं यंत्रही कामी येतं, आणि पांघरूण घेऊन हिंडणाऱ्या भुतांची अखेर दुसऱ्या कशानं व्हायला हवी होती? मुखवटे निघतात आणि खाली निघतात खुद्द कर्नलचे वकील, क्रीप्स आणि त्यांचे भागीदार क्रॉल्स. वारसच उरले नाहीत की पैसा आपला, असा त्यांचा हिशेब होता.

हे वकील मला फार आवडतात. त्यांच्याइतका कष्टाळू वकील मी पाहिला नाही. एरवी वकील म्हटला की तारीख घेणार, पुढची तारीख घेणार, तिसऱ्या तारखेला स्वतःच गैरहजर राहणार. हे दोघे पाहा. भर रात्री बेटावर हजर. अंगावर हिरवा वेश. चोरवाटा पाठ, कुठली भिंत फिरते आणि कुठल्या फळीखाली जिना आहे ते तोंडपाठ. प्रत्येक वारसाला वेगळं गाठायचं, उचलायचं, लपवायचं, परत येऊन पुढच्यासाठी पुन्हा हसायचं. भुताचं हसणं म्हणजे काही घरगुती हसणं नव्हे, त्याला बेंबीच्या देठापासून दम लागतो. आणि वकिली पेशातली माणसं साधारण कुठल्या वयाची नि किती पोटाची असतात ते आपल्याला ठाऊक आहे. त्या रात्रीच्या कामाचे तास लावून त्यांनी वारसांना बिल पाठवलं असतं तर निम्मी इस्टेट कायदेशीर मार्गानंच त्यांच्या खिशात आली असती, आणि वर नातलगांनी आभार मानले असते.

कष्टाळू, पण कायद्याचं अंग कच्चं. अमेरिकन कायद्यात कुत्रा ही स्वतःच मालमत्ता. मालमत्तेला मालमत्ता मिळत नाही. टेबलाच्या नावावर खुर्ची करता येत नाही, तसंच. लाडक्या प्राण्याची सोय करायची असेल तर पैसा कुणा माणसाच्या हाती किंवा विश्वस्तांकडं ठेवावा लागतो. म्हणजे क्रीप्ससाहेबांनी शाईचे चार थेंब खर्च करून न्यायालयात एक अर्ज टाकला असता, तर स्कूबी पहिल्याच तारखेला वारसांच्या यादीतून बाहेर पडला असता. भुताचा वेश, हसणं, चोरवाटा, काही लागलं नसतं. उलट आपल्याच अशिलाच्या इस्टेटीवर वकिलानं हक्क सांगितला की न्यायाधीश चष्मा पुसून कागद पुन्हा वाचायला घेतात. हे विधी महाविद्यालयात शिकवतात. बहुधा त्या दिवशी हे दोघे आवाज काढण्याचा सराव करत असावेत.

आणि त्या पेढीचं नाव! 'क्रीप्स अँड क्रॉल्स'. अशी पाटी दिसल्यावर शहाणा माणूस जिना न चढता उतरला असता. पण वेल्मासारखी चाणाक्ष मुलगी, जिला पावलांच्या ठशांवरून आणि रंगाच्या डागावरून माणूस ओळखता येतो, तिला ही पाटी सरळ वाटते. तरुणपणी वकिलांशी गाठ पडलेली नसते, त्याचा हा परिणाम.

या मालिकेत रहस्य टिकवणं मोठं अवघड, याचं आणखी एक कारण तिच्या कारागिरीत होतं. त्या काळी मागचं दृश्य कागदावर निवांत, गडद, सुंदर रंगवत. त्यातला जो भाग हलणार असेल तो वेगळ्या पारदर्शक प्लास्टिकवर सपाट रंगात काढून वर ठेवत. दोन्हीचे रंग कधी तंतोतंत जुळत नसत. त्यामुळं कपाटात शंभर पुस्तकं असली तरी एक पुस्तक फिकट आणि स्वच्छ दिसे, आणि घरातलं सगळ्यांत धाकटं पोर ओरडे, "ते! ते ओढणार!" शॅगी त्याच पुस्तकाला हात लावे, भिंत फिरे आणि शॅगी आत. झपाटलेल्या वाड्यात शतकानुशतकं गुप्त राहिलेली चोरवाट शनिवारवाड्याजवळच्या फ्लॅटमधल्या चार वर्षांच्या मुलीला आधी कळायची.

काटकसरही सढळ हातानं केलेली. पळापळ सुरू झाली की मागून तोच दिवा, तीच तसबीर, तेच टेबल पुन्हा पुन्हा जाई. वाडा बाहेरून पाहिला तर बेताचा आणि आतल्या बोळातून पळणारा माणूस मिरजेपर्यंत पोचावा. मध्येच न बोलावलेले प्रेक्षक हसत. कार्टून काही नाट्यगृहात भरत नाही. तरी ते ध्वनिमुद्रित हसू प्रत्येक विनोदानंतर इमानानं येई. भूतही हसतंय, प्रेक्षकही हसताहेत, फक्त शॅगी आणि स्कूबी पळताहेत. ज्यांच्यावर वेळ येते ते हसत नाहीत, हा जगाचा नियम तेवढा त्यात नीट पाळलेला असे.

फ्रेडबद्दल बोललंच पाहिजे. घर झपाटलेलं आहे, माणसं नाहीशी होताहेत, बाहेर जायला वाट नाही, अशा वेळी हा पुढारी सुचवतो की आपण वेगवेगळ्या दिशांना जाऊ. एका दिशेला बहुधा तो स्वतः आणि दोघी मुली, दुसऱ्या दिशेला शॅगी आणि कुत्रा. या वाटणीत काही गैर आहे असं कुणी बोलत नाही. समितीचा अध्यक्ष सदस्यांना कामं वाटून देतो तेव्हा अशीच शांतता असते. त्यातही गंमत ही, की मुद्देमाल हाती लागतो तो नेहमी दुसऱ्या तुकडीच्या. तपास करायला निघालेल्यांना धूळ सापडते आणि पळायला निघालेल्यांना भूत सापडतं. स्कूबीला आमिष म्हणून पाठवायचं असेल तर आधी 'स्कूबी स्नॅक' दाखवावा लागतो. एकाला तयार नाही, दोनाला मान फिरवली, तीन म्हटल्यावर निघाला. सौदा कसा करावा हे त्या अख्ख्या वाड्यात एका कुत्र्यालाच कळत होतं. वकिलांना कळतं तर त्यांनी आधी पेटी उघडून पाहिली असती.

कारण या भागातला खरा स्फोट भूत पकडल्यानंतर होतो. वारस सुखरूप सापडतात, वकील पोलिसांच्या हवाली होतात आणि इस्टेटीची रक्कम बाहेर येते. नोटा खऱ्या असतात, छापील असतात, १० लाखांच्या असतात. फक्त त्या कॉन्फेडरेट नोटा असतात. किंमत शून्य.

अमेरिकन मुलांना हा विनोद लगेच कळत होता. १८६०-६१मध्ये दक्षिणेकडची राज्यं फुटून निघाली, गुलामगिरी टिकवायची म्हणून लढली आणि १८६५मध्ये हरली. मधल्या काळात त्यांच्या 'कॉन्फेडरेट' सरकारनं स्वतःच्या नोटा छापल्या. युद्धाला पैसा लागतो आणि पैशाला सोनं लागतं. सोनं नव्हतं, छापखाने होते. त्यातल्या बऱ्याच नोटांवर असं वचन होतं, की अमेरिकेशी शांततेचा तह झाल्यावर अमुक मुदतीत पैसे मिळतील. तह काही झाला नाही, शरणागती झाली. नोटेवरचं वचन अजून शब्दशः खोटं ठरलेलं नाही, एवढंच त्याच्या बाजूनं म्हणता येईल. मुदत सुरूच झालेली नाही. पुढं १८६८मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेत चौदावी दुरुस्ती झाली आणि बंडासाठी काढलेलं कुठलंही कर्ज बेकायदा आणि रद्द, असं त्यात लिहून टाकलं. म्हणजे हे कागद कुणी पुढंमागं वठवायला आणू नयेत म्हणून थेट घटनेत तरतूद. आपल्या गावच्या पतसंस्थेच्या ठेवीदारांना निदान आशा तरी असते.

आता मागं वळून पाहिलं तर पुरावा सुरुवातीपासून समोर होता. कर्नलचं नाव बोरगार्ड. एप्रिल १८६१मध्ये फोर्ट समटरवर तोफा डागून ज्यानं ते यादवी युद्ध सुरू केलं, त्या दक्षिणेच्या सेनापतीचं आडनाव बोरगार्ड. माणूस दक्षिणेचा, हुद्दा कर्नल, नाव बोरगार्ड. अशा माणसाच्या तिजोरीत दुसऱ्या कुठल्या नोटा असणार? वेल्मानं ठसे तपासले, सावल्या तपासल्या. नावाची चिठ्ठी राहून गेली. आणि वकिलांनी इतकी वर्षं कर्नलचे व्यवहार पाहिले, मृत्युपत्र केलं, रात्रभर भूत होऊन घाम गाळला, पण रक्कम कुठल्या सरकारची आहे हे विचारलं नाही. १० हा आकडा ऐकला, पुढं लाख ऐकलं आणि कान बंद केले. माणसं फसतात ती बहुतेक वेळा याच जागी. फसवणाऱ्याला फार बोलावं लागत नाही, आकडा सांगून थांबावं लागतं.

मालिका पुढं काही सांगत नाही, पण मला विचाराल तर कर्नलला सगळं ठाऊक होतं. आयुष्यभर पैशात लोळलेला माणूस आपल्या पेटीत काय आहे ते विसरत नाही. त्यानं नातलग पाहिले होते, वकील पाहिले होते. शेवटी त्यानं ठरवलं असावं, की या मंडळींना एका रात्रीसाठी एका छपराखाली आणावं, दाराला अटीची कडी घालावी आणि निवांत मरावं. मेल्यानंतर भूत होऊन त्रास देणं हा जुना मार्ग. कर्नलनं ते काम वकिलांकडून, फी न देता, करून घेतलं.

एक कलम मात्र त्यालाही दिसलं नसावं. ज्या नोटांना घटनेनं मातीमोल ठरवलं, त्याच नोटा आता जुन्या वस्तूंचे संग्राहक पैसे मोजून घेतात. अस्सल आणि जरा दुर्मीळ असेल तर एका नोटेला चांगली किंमत येते. स्कूबीनं आपला वाटा नुसता पुरून ठेवला असता, आणि पुरणं हा तर त्याच्या जातीचा पिढीजात व्यवसाय, तरी आज त्याची नातवंडं बंगल्यात राहिली असती. मोठी माणसं ज्याला कचरा म्हणतात ते जमिनीत दडवून विसरून जाणं, ही गुंतवणुकीची पद्धत कुत्र्यांना आधीपासून माहीत आहे. आपण तिला उगीच वाईट खोड म्हणतो.

पण त्यानं पुरलं नाही, कारण नोटांना वास नव्हता. इथं आपण या मालिकेच्या गाभ्याशी येतो, आणि तो गाभा खाण्याचा आहे. कुठल्याही भागात, कितीही बिकट प्रसंगात, शॅगी आणि स्कूबीला स्वयंपाकघर सापडतंच. भूत मागं लागलेलं असताना ही दोघं पावावर पाव रचत बसतात, आणि तो थर छताला टेकेपर्यंत भूतही थांबतं. शॅगीला आवाज देणारे केसी केसम स्वतः मांसाहार न करणारे. शॅगीकडून एका बर्गरची जाहिरात करवून घ्यायचं ठरलं, तेव्हा त्यांनी ते पात्रच सोडलं आणि २००२मध्ये परतले ते शॅगीनं मांसाहार सोडल्यावरच. वाड्यातल्या वकिलांना जे तत्त्व जमलं नाही ते सँडविचला जमलं.

शॅगी-स्कूबीला लोक भित्रे म्हणून हसतात. मला तसं वाटत नाही. त्या रात्री वाड्यात भूत खोटं होतं, वकिली खोटी होती, नातलगांच्या डोळ्यांतलं पाणी खोटं असणार आणि पहाटे पैसाही खोटा निघाला. खरी होती ती या दोघांची भीती आणि या दोघांची भूक. बाकीचे धीट दिसले, कारण त्यांना काहीतरी मिळवायचं होतं. १० लाखांच्या आशेनं माणूस भुताच्या वाड्यात झोपायला तयार होतो, त्याला आपण शौर्य म्हणतो. ज्याला नुसता सँडविच हवाय तो खुशाल किंचाळून पळतो, कारण त्याचं काही अडत नाही.

माझी एवढीच खात्री आहे, की कर्नलसाहेब तळ्यात गटांगळ्या खात होते तेव्हा नातलगांपैकी कुणी काठावर असेल, तर त्यानं आधी पाण्याची खोली विचारली असणार आणि मग मृत्युपत्राची तारीख. कुत्र्यानं सरळ उडी मारली. त्याला वाचता येत नव्हतं.